आयपीएल फँटसी संघ: नावांआधी चेंडू मोजा

फँटसी म्हणजे खऱ्या सामन्यातल्या खेळाडूंचा आपला संघ अ‍ॅपवर लावायचा आणि त्यांच्या मैदानातल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. असा संघ लावायला बसलं की हात आधी नावांकडे जातो. अमुक फॉर्मात आहे, तमुक मागच्या सामन्यात चालला, याला सोडून कसं चालेल. पण गुण फॉर्मला मिळत नाहीत. ते खेळलेल्या चेंडूंना आणि टाकलेल्या षटकांना मिळतात. म्हणून पहिला प्रश्न एकच: आज या खेळाडूच्या वाट्याला किती चेंडू येतील? त्याचं उत्तर ठरलं की निम्मा संघ आपोआप ठरतो. उरलेल्या निम्म्यात सामन्याचा अंदाज, कर्णधाराची निवड आणि बाकीचे लोक काय करणार आहेत हे येतं.

इथली सगळी मांडणी आयपीएलच्या एका सामन्याच्या स्पर्धेसाठी आहे: दोन संघांतून ११ खेळाडू, ते घेण्यासाठी १०० क्रेडिट (अ‍ॅपने प्रत्येक खेळाडूला लावलेली किंमत यातून वळती होते), एक कर्णधार, एक उपकर्णधार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्यामुळे हे मार्गदर्शन मोफत स्पर्धांसाठी आणि मित्रमंडळींच्या हंगामभर चालणाऱ्या लीगसाठी आहे. या दोहोंत संघ लावायची रीत बरीच वेगळी असते, ते पुढे येईलच.

आधी गुणपद्धती वाचा

प्रत्येक अ‍ॅपची पद्धत वेगळी, आणि ती हंगामागणिक बदलतेही. पुढची आकडेमोड या पद्धतीवर धरली आहे. धावेला १, चौकाराला जादा १, षटकाराला जादा २, अर्धशतकाला ८, शतकाला १६. बळीला २५, तो त्रिफळा किंवा पायचीत असेल तर जादा ८, तीन बळी झाले की जादा ४. झेलाला ८, यष्टिचीतला १२. स्ट्राइक रेट (दर १०० चेंडूंमागे धावा) १३० च्या पुढे २, १५० च्या पुढे ४, १७० च्या पुढे ६. इकॉनॉमी (गोलंदाजाने षटकामागे दिलेल्या धावा) सात किंवा कमी असेल तर २, सहाच्या आत ४, पाचाच्या आत ६. दहाच्या वर गेली तर २ वजा, अकराच्या वर ४ वजा, बाराच्या वर ६ वजा. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट.

आता यातली गोम बघा. गोलंदाजाला कितीही मार बसला तरी इकॉनॉमीचे जास्तीत जास्त ६ गुण जातात, आणि एक बळी २५ देतो. म्हणजे टिच्चून टाकणारा पण बळी न घेणारा गोलंदाज या पद्धतीत कमी कामाचा, आणि धावा देत देत बळी काढणारा फार कामाचा. १५ एप्रिल २०२४ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर हैदराबादने ३ बाद २८७ केल्या, बंगळुरूने ७ बाद २६२. दोन्हीकडच्या गोलंदाजांची धूळधाण झालेला सामना. त्यातही पॅट कमिन्सने ४३ धावांत ३ बळी घेतले. वरच्या पद्धतीने, त्रिफळा-पायचीतचे जादा गुण न धरताही, ७५ अधिक ४ वजा २, म्हणजे ७७ गुण. अर्धशतक ठोकणाऱ्या सलामीवीराच्या तोडीचे.

तुमच्या अ‍ॅपवर निर्धाव चेंडूलाही गुण असतील तर हा हिशोब बदलतो. मग पॉवरप्लेमध्ये, म्हणजे पहिल्या सहा षटकांत, दोन-तीन षटकं टाकणारा वेगवान गोलंदाज जास्त मोलाचा होतो. म्हणूनच दुसऱ्याचा तयार संघ उचलण्याआधी तो कोणत्या पद्धतीवर बेतला आहे ते तपासा.

संधीचा तक्ता

एका कागदावर दोन्ही संघांचे संभाव्य अकरा जण लिहा. प्रत्येकापुढे दोनच आकडे: किती चेंडू खेळेल, किती षटकं टाकेल.

फलंदाजाचा अंदाज क्रमांकावरून येतो. सलामीवीर बाद होईपर्यंत खेळतो, त्याच्यासमोर १२० चेंडू मोकळे आहेत. सहाव्या क्रमांकाचा फलंदाज पंधराव्या-सोळाव्या षटकात आला तर २४ ते ३० चेंडू उरलेले असतात, आणि त्यातले निम्मे समोरच्याचे. त्याने १२ चेंडूंत २४ कुटल्या, एक चौकार आणि दोन षटकारांसह, तरी होतात २४ + १ + ४ + ६ = ३५. त्याच्यासाठी हा उत्तम दिवस. सलामीवीराने ४० चेंडूंत ६२ केल्या, ६ चौकार आणि ३ षटकार, तर ६२ + ६ + ६ + ८ + ४ = ८६. अशा शेवटी येऊन फटके मारणाऱ्याचं, म्हणजे फिनिशरचं, नाव कितीही मोठं असो, त्याचं छत खाली असतं. अपवाद कधी होतो ते पुढच्या भागात.

गोलंदाजाकडे जास्तीत जास्त २४ चेंडू. पण सगळी षटकं सारखी नाहीत. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक असतात, चेंडू नवा असतो, फलंदाज उचलून मारतो. शेवटच्या चार षटकांत तर प्रत्येक चेंडूवर बॅट फिरते. बळी या दोन टप्प्यांत स्वस्तात मिळतात. दोन षटकं नव्या चेंडूने आणि दोन शेवटी टाकणारा गोलंदाज दिसला की त्याच्या नावापुढे खूण करा. सातव्या ते पंधराव्या षटकांत टाकणारा फिरकीपटू खेळपट्टीची साथ असेल तरच त्याच्या बरोबरीला येतो.

सगळ्यात मोठी फसगत अष्टपैलूंच्या रकान्यात होते. अ‍ॅपने अष्टपैलू म्हटलं म्हणजे तो गोलंदाजी करेलच असं नाही. २०२३ मध्ये आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा, म्हणजे राखीव यादीतला एक खेळाडू अकरांतल्या एकाच्या जागी उतरवायचा, नियम आला आणि संघांना सहाव्या गोलंदाजाची गरजच उरली नाही. शिवम दुबे २०२४ च्या हंगामात चेन्नईसाठी जवळजवळ फक्त फलंदाज होता. असा खेळाडू ११ चेंडूंत १५ करतो, एक चौकार आणि एक षटकार मारतो, कधी दोन षटकं बिनबळी टाकतो आणि २० गुणांवर थांबतो. अष्टपैलूचे मागचे पाच सामने उघडा आणि प्रत्यक्ष टाकलेली षटकं मोजा. सामन्यामागे सरासरी तीनपेक्षा कमी पडत असतील तर त्याला निव्वळ फलंदाज समजा आणि त्याच मापाने तोला.

यष्टिरक्षक निवडताना फलंदाजीचा क्रमांक आधी, ग्लोव्हज नंतर. झेल-यष्टिचीतचे ८-१२ गुण चांगले, पण सातव्यावर येणाऱ्या यष्टिरक्षकाला तेवढ्यासाठी घेऊ नये. एकाच संघात दोन यष्टिरक्षक घेण्याची मुभा असेल आणि दोघेही पहिल्या तिघांत खेळत असतील तर बिनधास्त दोघे घ्या.

क्रेडिट

११ जणांसाठी १०० क्रेडिट म्हणजे माणशी सरासरी ९.०९. दोन साडेदहाचे खेळाडू घेतले की उरलेल्या नऊ जणांसाठी ७९ राहतात, माणशी ८.७८. हे जमतं. चार घेतले तर सात जणांसाठी ५८, माणशी ८.२९, आणि मग शेवटच्या दोन जागांवर ज्याला ना चेंडू ना षटकं असा कुणीतरी भरावा लागतो. तिथे संघ पडतो. स्वस्तात मस्त शोधायचा असेल तर सलामीला बढती मिळालेला फलंदाज किंवा दुखापतीमुळे नव्या चेंडूची जबाबदारी आलेला गोलंदाज शोधा. अ‍ॅपवरची किंमत जुन्या भूमिकेची असते, संधी नव्या भूमिकेची. क्रेडिट शिल्लक राहिले तर राहू द्या. ते संपवण्यासाठी चांगला खेळाडू काढून महागडा घेणं ही हमखास दिसणारी चूक आहे.

सामन्याची एक गोष्ट ठरवा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच बहुतेक संघ विस्कळीत होतात. अकरा चांगले खेळाडू म्हणजे चांगला संघ नव्हे. एका सामन्यात जे एकत्र गुण करू शकतात असे अकरा जण हवेत. आधी सामना कसा जाईल ते एका वाक्यात लिहा, मग त्या वाक्याला साजेसे खेळाडू घ्या.

समजा तुमचं वाक्य आहे: पहिली फलंदाजी करणारा संघ २०० करतो आणि जिंकतो. मग त्या संघाचे पहिल्या चारांतले तिघे हवेत. त्याच संघाचे तीन-चार गोलंदाजही हवेत, कारण २०१ चा पाठलाग करणारे पहिल्या षटकापासून जोखीम घेतात आणि बाद होतात. समोरच्या संघातून शेवटची षटकं टाकणारा गोलंदाज घ्या. २०० च्या डावातही अखेरच्या दोन षटकांत झेल उडतातच. आणि एक तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा फलंदाज.

दुसरं वाक्य: पहिला संघ १३० त गुंडाळला जातो. इथे जिंकणाऱ्या संघाचे चार गोलंदाज आणि फक्त वरचे दोन-तीन फलंदाज. लोक नेमके याच वेळी जिंकणाऱ्या संघाचा पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा तारा ठेवतात, आणि तो पॅड बांधून डगआउटमध्येच बसून राहतो. उलट हरणाऱ्या संघाचा पाचवा-सहावा फलंदाज इथे सोनं असतो. लवकर गडी पडले की त्याला आठव्या-नवव्या षटकातच यावं लागतं, म्हणजे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट चेंडू मिळतात. वर ज्या सामन्याचा उल्लेख केला त्यातच बंगळुरूचा अर्धा संघ दहाव्या षटकापर्यंत परतला होता, आणि दिनेश कार्तिकला ३५ चेंडू खेळायला मिळाले. त्याने ८३ केल्या. फिनिशर निवडायचा तर ही गोष्ट डोक्यात ठेवून निवडा, सवयीने नव्हे.

तिसरं: रात्रीचा सामना, दव पडणार, पाठलाग सोपा. मग दुसऱ्या डावात गोलंदाजी करणारे फिरकीपटू कमी करा, ओला चेंडू बोटांत टिकत नाही. दोन्ही संघांचे वरचे फलंदाज मिळून सहा आणि पहिल्या डावात बळी घेणारे वेगवान गोलंदाज. २०२५ पासून रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकानंतर गोलंदाजी करणारा कर्णधार एकदा चेंडू बदलून मागू शकतो. त्यामुळे दवाचा जाच थोडा कमी झालाय, संपलेला नाही.

खेळाडूंच्या जोड्याही बघा. नवा चेंडू बाहेर काढणारा वेगवान गोलंदाज आणि त्याचा यष्टिरक्षक ही जोडी एकाच बळीवर २५ आणि ८ कमावते. सरळ यष्ट्यांवर मारा करणारा गोलंदाज एकटाच ३३ नेतो, तिथे यष्टिरक्षकाची साथ जुळवायची गरज नाही. एका संघाचे तीन वरचे फलंदाज आणि समोरच्या संघाचे चार गोलंदाज एकत्र घेतलेत तर तुमचीच माणसं तुमच्या माणसांना बाद करत बसतील. एखादा गोलंदाज ठीक, चार नकोत.

मैदान या वाक्याचा पाया आहे. वानखेडेची लाल माती उसळी देते आणि संध्याकाळी दव असतं, चेन्नईच्या चेपॉकवर फिरकीला साथ असल्याचा इतिहास आहे, चिन्नास्वामीच्या सीमारेषा आखूड. पण नुसत्या मैदानाच्या नावावर जाऊ नका. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर लाल आणि काळ्या अशा दोन्ही मातीच्या खेळपट्ट्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या वागतात. त्या दिवशी कोणती वापरली जातेय ते नाणेफेकीआधीच्या खेळपट्टीच्या पाहणीत सांगतात. तेवढी पाच मिनिटं प्रक्षेपण बघाच.

कर्णधार आणि उपकर्णधार

अकरा खेळाडू असले तरी गुणांचे वाटे साडेबारा असतात: नऊ जणांचा एकेक, कर्णधाराचे दोन, उपकर्णधाराचा दीड. म्हणजे २८ टक्के वजन दोन माणसांवर. एकाच अकरा जणांमध्ये कर्णधार-उपकर्णधाराच्या ११० जोड्या होतात. म्हणून शेवटची स्वस्त जागा कुणाला द्यायची यावर अर्धा तास घालवून कर्णधार दोन सेकंदात निवडणं हे उलटं गणित आहे.

कर्णधार म्हणून तीनच प्रकारचे खेळाडू बघा: सलामीवीर किंवा तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज, चार षटकं नक्की टाकणारा आणि पहिल्या पाचांत खेळणारा खरा अष्टपैलू, आणि खेळपट्टी साथ देणार असेल तर नव्या चेंडूने आणि अखेरीस टाकणारा गोलंदाज. अष्टपैलू एका डावात फसला तरी दुसरा डाव हातात असतो, म्हणून मित्रांच्या लीगसाठी तो सर्वांत सुरक्षित. गोलंदाजाला कर्णधार करायला लोक बिचकतात, आणि नेमकं म्हणूनच मोठ्या स्पर्धेत ते फळतं.

दोघांपैकी कर्णधार कोण आणि उपकर्णधार कोण यावर डोकं फार शिणवू नका. ८६ आणि ६० करणाऱ्या दोघांची अदलाबदल झाली तर नुकसान १३ गुणांचं. दोघांपैकी एकही नसेल तर मात्र जाणारे गुण कितीतरी जास्त असतात.

बाकीचे काय करताहेत

अ‍ॅपवर प्रत्येक खेळाडूची निवड-टक्केवारी दिसते, बऱ्याचदा कर्णधार म्हणून किती जणांनी घेतलाय तेही. ती नुसती बघण्यापुरती नाही. एक खेळाडू ८५ टक्के संघांत आहे, ३५ टक्के लोकांनी त्याला कर्णधार केलंय, १५ टक्क्यांनी उपकर्णधार. मग सरासरी स्पर्धकाकडे त्याचा वाटा होतो ०.८५ + ०.३५ + ०.०७५ = १.२७५. तुम्ही त्याला साधा खेळाडू म्हणून घेतलंत तर तुमचा वाटा १. त्याने १०० गुण केले तर तो तुमच्या संघात असूनही तुम्ही सरासरीच्या साडेसत्तावीस गुण मागे. म्हणजे अशा खेळाडूला संघात ठेवून कर्णधार न करणं हीसुद्धा त्याच्या विरोधातली पैज आहे, हे समजून करा.

दहा-बारा मित्रांच्या लीगमध्ये, जिथे हंगामभराचे गुण मोजले जातात, तिथे असा खेळाडू सोडू नका. शक्यतो त्यालाच कर्णधार किंवा उपकर्णधार करा आणि फरक उरलेल्या दोन जागांवर पाडा. लाखभर संघांच्या मोफत स्पर्धेत पहिल्या काही क्रमांकांनाच अर्थ असतो. तिथे सगळ्यांसारखा संघ लावून वर जाता येत नाही. २० टक्क्यांखालचे दोन किंवा तीन खेळाडू घ्या, आणि ते तुमच्या वाक्यातून आलेले असू द्या. फिनिशर ११ टक्क्यांवर आहे म्हणून घेऊ नका. गडी लवकर पडतील असं तुमचं वाक्य आहे म्हणून घ्या. सहा-सात अनोळखी नावं घालणारे संघ वेगळे दिसतात, पण ते सगळे एकाच दिवशी चालणं जवळजवळ अशक्य.

एकाहून जास्त संघ लावता येत असतील तर प्रत्येक संघाला वेगळं वाक्य द्या. तीन संघ, तीन गोष्टी. पाच-सहा जण सगळ्यांत समान ठेवा, बाकीचे बदला, कर्णधार प्रत्येकात वेगळा. एकाच संघात एक-एक नाव फिरवून दहा संघ केले तर मूळ अंदाज चुकल्यावर दहाही एकदम बुडतात.

नाणेफेकीनंतरचा अर्धा तास

साडेसातच्या सामन्याची नाणेफेक सातला होते, दुपारी साडेतीनच्या सामन्याची तीनला. खरा संघ या अर्ध्या तासात लागतो. आधी केलेला फक्त मसुदा.

७:०० ते ७:०५. कोण पहिली फलंदाजी करतंय त्यावरून तुमच्या तीन वाक्यांपैकी कोणती अजून शक्य आहेत ते ठरवा, उरलेली खोडा.

७:०५ ते ७:१५. अंतिम अकरा आणि राखीव पाच नावं तपासा. इथे इम्पॅक्ट प्लेयरमुळे घोळ होतो. पहिली गोलंदाजी करणारा संघ अकरा जणांत जादा गोलंदाज ठेवतो आणि एखादा मोठा फलंदाज राखीव पाचांत टाकतो. मुंबईने २०२५ मध्ये रोहित शर्माला अनेकदा असाच वापरला. त्यामुळे अकरा जणांत नाव नाही म्हणून सलामीवीर काढून टाकू नका, राखीव यादी बघा. उलट बाजूने, पहिली फलंदाजी करणाऱ्या संघाच्या राखीव यादीतला गोलंदाज नक्की येईल असं धरू नका. वरची फळी कोसळली तर संघ जादा फलंदाज उतरवतो आणि तुमचा गोलंदाज बाहेरच राहतो. ज्याच्या जागी इम्पॅक्ट प्लेयर येतो तो पुन्हा मैदानात येऊ शकत नाही, म्हणजे त्याचे झेलांचे गुणही संपले. चार परदेशी खेळाडू अकरांत असतील तर इम्पॅक्ट प्लेयर भारतीयच असतो, यावरून राखीव यादीतली एक-दोन नावं लगेच गळतात.

७:१५ ते ७:२५. बदल करा, संधीच्या तक्त्यातले आकडे पुन्हा बघा, कर्णधार-उपकर्णधार नक्की करा. एक खेळाडू बदलताना त्याची जोडी तुटतेय का ते बघायला विसरू नका. गोलंदाज काढला आणि त्याच्यासाठी घेतलेला यष्टिरक्षक तसाच राहिला, असं घाईत सर्रास होतं.

७:२५ नंतर हात लावू नका. शेवटच्या मिनिटाला सर्व्हर मंदावतात, अर्धवट बदल जतन होत नाही आणि न खेळणारा खेळाडू संघात राहतो.

सामना संपल्यावर तोच कागद काढा आणि अंदाजापुढे प्रत्यक्ष चेंडू आणि षटकं लिहा. गुण लिहू नका. सलामीवीर पहिल्या चेंडूवर बाद झाला तर तो खेळ आहे, निवड चुकली असं नाही. पण ज्याला तुम्ही चार षटकं धरली होती त्याला कर्णधाराने दोनच दिली, तर ती नोंद पुढच्या सामन्याला थेट उपयोगी पडते. सात-आठ सामन्यांनी प्रत्येक संघाचा कर्णधार कोणत्या गोलंदाजाला कधी आणतो हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल, आणि पुढचा तक्ता भरायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.